निरगुडीचे फोक वाळताना चिरतात, वाकतात. बाणासाठी काय करावं?

माणदेशी (दहिवडी):
ओढ्याकाठच्या निरगुडीचे फोक पावसाळ्यात तोडून, सोलून पत्र्यावर वाळवले. बुडख्याकडून चिरा जातात, उरलेले वाकतात. धनुष्य 35 पौंडांचं (पूर्ण ओढायला लागणारा जोर), ओढ 70 सेंमी. मुरडशेंग जास्त बरी पडेल का?

बुडखा_शेंडा (पाटण):
दोष झाडाचा नाही. पावसाळ्यात फोक रसाने भरलेला असतो, त्यात साल काढून ऊन दाखवलं की बाहेरचं लाकूड आधी आकसतं आणि फाटतं. पौष-माघात तोडा. मागे छाटलेल्या खोडाला फुटलेले, दुसऱ्या वर्षाचे फोक घ्या. पहिल्या वर्षाच्यात भेंडच (आतला मऊ गाभा) फार. सालीसकट बुडख्याशी 11-12 मिमी, लांबी 90 सेंमी. दोन्ही टोकांना फेविकॉल किंवा मेण, मग दहा-बारांची जुडी घट्ट बांधून सावलीत महिनाभर. साल त्यानंतर. तुमच्याकडची हवा कोरडी, म्हणून टोकं बंद करणं चुकवू नका.

सरळ करताना बाक निखाऱ्यावर फिरवत तापवा, हाताला सोसवेनासा झाला की उलट बाजूला किंचित जास्त वाकवून गार होईतो धरा. लाकूड काळं पडलं तर तिथेच मोडणार. निरगुडीच्या पेरांवर समोरासमोर डोळे असतात, ते कानशीने सपाट करू नका, तंतू तुटतात. नुसता उंचवटा खरवडा.

मुरडशेंगेचे फोकही सरळ असतात, चालतील. करवीच्या गाठींच्या नादी मात्र लागू नका.

मिरजकर_तीर:
सरळपणाइतकाच लवचीकपणा जुळायला हवा, हे बहुतेक जण विसरतात. 66 सेंमी अंतरावर दोन आधार, मध्ये 900 ग्रॅम वजन टांगा. 35 पौंडांना 19 ते 22 मिमी झोल पाहिजे. त्याहून कमी असेल तर थोडं थोडं खरवडत पुन्हा मोजा; जास्त असेल तर तो फोक हलक्या धनुष्याला ठेवा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, मऊ उजवीकडे. एका संचातल्या बाणांच्या वजनात दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको.

माणदेशी:
खाच बुडख्याला करायची की शेंड्याला?

बुडखा_शेंडा:
शेंड्याला. जाड बाजू पुढे, तिथेच पातं. खाच 8-10 मिमी खोल, आणि तिच्या लगेच खाली गोंद लावून दोरा गच्च गुंडाळायचा, नाहीतर भेंडाच्या रेषेत फाटतं. पिसं तीन, कोंबड्याची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची.

मिरजकर_तीर:
प्रत्येक वेळी सोडण्याआधी बाण कानाजवळ वाकवून पाहा. करकरला तर मोडून टाका, फुटका बाण सुटताना हातात घुसतो. फोक बांधावरचे, मालकाला विचारून घ्या. सागरेश्वर, कोयनेच्या अभयारण्यातली, चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानातली काडीसुद्धा तोडता येत नाही. नेम पोत्यावरच धरा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे.