मदत हवी आहे: ठाणे-नवी मुंबईतल्या संगीत शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे, हे जमवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात गाणं शिकवते. दिवसा घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत, संध्याकाळी घरी, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून. गाण्याची विशारद परीक्षा होऊन चौदा वर्षं झाली. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. पाचवीच्या मुलांना तीनताल हातावर धरायला शिकवत होते. सोळा मात्रा; एक, पाच, तेराला टाळी, नवाला खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायचा. मुलं नेमकी खालीला घसरायची, हात दहाव्या मात्रेला उघडायची. दरवर्षी, दर वर्गात हेच. मी आपली "लक्ष कुठंय?" म्हणून ओरडायची. त्या दिवशी कोपरखैरण्याचे एक तबल्याचे सर माझा तास संपायची वाट बघत मागच्या बाकावर बसले होते. मुलं गेल्यावर हळूच म्हणाले, "बाई, खाली कशी ओळखायची म्हणून सांगितलंत?" म्हटलं, डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) बंद होतो ती खाली. ते हसले. "मग मुलांचं बरोबर आहे. ठेका म्हणून बघा."

ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला 'धा' आहे! डग्गा तिथे वाजतो, बंद होतो तो पुढच्या 'तिं'ला. म्हणजे पोरं मी सांगितलेलं इमानदारीत ऐकत होती आणि वर बोलणी खात होती. मला चार वर्षांत जे दिसलं नाही ते सरांना वीस मिनिटांत दिसलं, कारण ते मुलांचे हात बघत होते आणि मी पेटीकडे.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. घरच्या क्लासला सातवीतला एक मुलगा यायचा, सुरेल. अचानक पंचमाच्या, म्हणजे 'प'च्या, वर आवाज फाटायला लागला. मी त्याला "रियाज कर, आवाज उघडा लाव" म्हणून दामटत राहिले. पुढे तो यायचाच बंद झाला. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, त्या काळात थोड्या स्वरांत, हलकं गाऊन घ्यायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विशारदला रागांची तुलना लिहिली, ठेक्यांची दुगुण-चौगुण लिहिली, दोन स्वरलिप्यांत बंदिशी लिहिल्या. आवाज फुटलेल्या मुलाचं काय करायचं, हे कुठल्या परीक्षकानं मला विचारलं नाही.

म्हणून डोक्यात आलं की आपण सहा-सात जणांनी मिळून महिन्यातून एकदा एकमेकांचे तास बघायचे आणि अडलेलं बोलायचं. जानेवारीत नौपाड्यात एकीच्या घरी जमलोसुद्धा. झालं काय, तर पहिल्या ताईंनी भीमपलास रागाची बंदिश कशी शिकवते ते दाखवता दाखवता पाऊण तास भीमपलासच गायल्या. सुंदर गायल्या, वाद नाही. मग दुसऱ्यांनी आपल्या घराण्यात असं नसतं म्हणून सांगितलं. मग पोहे. "माझं इथे अडतं" हे वाक्य एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही! दुसऱ्या बैठकीला आम्ही दोघीच.

तर विचारायचं हे की, आपापल्या चुका उघड करायला माणसं तयार कशी होतात? बाकीच्यांच्या मनात विद्यार्थी पळवले जायची धास्ती आहे, ती मला दिसते. आणि शाळा आपला तास बाहेरच्या शिक्षकाला बघू देते का? कुणी केलंय का असं काही?

— खालीची_टाळी

पांढरी_चार, ऐरोली
ताई, तुमचा खालीचा किस्सा वाचून माझा आठवला. मी गातो काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून. शाळेतही पेटी काळी दोनलाच धरायचो. अर्धी पोरं माझ्यासारखाच आवाज काढायला जाऊन खर्जात घुरघुरायची, अर्धी वरच्या सप्तकात किंचाळायची, आणि मी त्यांना बेसूर ठरवून मोकळा. शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "सर, मधल्या सुट्टीत हीच पोरं सुरात ओरडत असतात हो." पेटी काळी चारला नेली. मला गाताना त्रास होतो, पोरांना होत नाही. तेव्हा माझं मत असं की बघायला गाण्यातलाच माणूस हवा असं नाही.

बैठकीचं म्हणाल तर सरळ नियम करा: पेटी-तबला घरी ठेवून यायचं. सोबत एकच गोष्ट आणायची, या महिन्यात फसलेला एक तास. आणि पहिला फसलेला तास तुमचा. यजमानानं आधी पदर खोवल्याशिवाय पाहुणे उठत नाहीत.

जुनी_पेटी
तुमची पिढी नवीन काही करतेय असं समजू नका. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यात शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग होता. गायक घडवणं आणि गाणं शिकवणारा घडवणं ही दोन कामं आहेत हे त्यांना तेव्हा कळलं होतं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर मास्तर ही मंडळी नुसती गायली नाहीत, त्यांनी शिकवलंही.

दुसरं म्हणजे, गुरूच्या घरी राहणारा शिष्य स्वतःची तालीम झाल्यावर उठून जात नसे. तानपुरा धरून दुसऱ्याची तालीम ऐकत बसे. मंद मुलाला बुवा कसं सांगतात, चलाखाला कसं आवरतात, हे त्याला फुकटात दिसे. आता सहा ते सात एक बॅच, सात ते आठ दुसरी, आणि खाली रिक्षा उभी. तुम्ही स्वतः अशाच बॅचमध्ये शिकलात ना? मग दुसऱ्याचं शिकवणं तुम्ही पाहिलंय कधी?

खालीची_टाळी
काका, नाही पाहिलं. तुम्ही म्हणता ते मला सुचलंच नव्हतं. माझे गुरुजी लहान मुलांना कसं शिकवायचे हे मला खरंच माहीत नाही, मी जाईपर्यंत त्यांची सुट्टी झालेली असायची.

फळा_पुसणारी
मी गाण्यातली नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होते, त्यात आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. तुमचं दुखणं असं की एका शाळेत संगीताचा शिक्षक एकच, तो बोलणार कुणाशी?

जपानमध्ये शिक्षक एक रीत पाळतात, तिला जुग्यो केंक्यू म्हणतात. चार-पाच जणांनी मिळून एकच पाठ आखायचा, एकानं शिकवायचा, बाकीच्यांनी शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघायचं. मग सुधारून तोच पाठ दुसऱ्यानं दुसऱ्या वर्गात घ्यायचा. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे चूकही कुणा एकाची राहत नाही. तुमच्या तबलेवाल्या सरांनी न सांगता तेच केलं, हात बघितले.

मुलांचे व्हिडिओ मात्र पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नका. नुसता आवाज रेकॉर्ड करायचा झाला तरी विचारा.

नेरूळकर
हे सगळं ठीक. पण मी एकदा एका 'सहकारी' बाईंना माझ्या क्लासला बसू दिलं, महिन्याभरात दोन विद्यार्थी त्यांच्याकडे. फी दोनशेनं कमी होती. तेव्हापासून दार बंद.

खालीची_टाळी
नेरूळकर, तुमचा राग बरोबर आहे. मला वाटतं ही गोष्ट आधीच तोंडावर बोलून घ्यायला हवी: गटातल्या कुणाचा विद्यार्थी दुसऱ्याकडे आला तर आधीच्या शिक्षकाला फोन केल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि फीचा विषय बैठकीत काढायचा नाही. तरी कुणी गद्दारी केलीच तर काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. सुरुवातीला घरचे क्लास वगळून फक्त शाळेतले तास बघू या का? शाळेतली मुलं कोण पळवणार!

नेरूळकर
शाळेतले चालतील. माझ्या मुख्याध्यापकांना विचारतो. बाहेरचा माणूस म्हटलं की अर्ज लागेल, गेटवर नोंद लागेल, आणि परीक्षा-गॅदरिंगच्या दिवसांत विचारूच नका.

खालीची_टाळी
ठरलं तर मग. पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, वाशी. ट्रान्स हार्बर लोकलमुळे ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे सगळ्यांना एकाच गाडीनं येता येईल, नेरूळकरांना तर जवळच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संगीत परीक्षांचे फॉर्म भरायचे दिवस यायच्या आत दोन बैठका व्हायला हव्यात, नंतर कुणी सापडत नाही. पहिला पाठ मिळून आखायचा: पाचवीला तीनतालाची खाली, डग्ग्याचं नाव न घेता. कोपरखैरण्याच्या सरांना मी सांगितलंय, ते येतायत. पहिला फसलेला तास मी मांडते, त्या सातवीतल्या मुलाचा.

जागा एका ओळखीच्यांचा रिकामा फ्लॅट आहे, त्यात खुर्ची एकही नाही. कुणाकडे मोठी सतरंजी असेल तर इथेच लिहा.