मदत हवी आहे: एफडी मोडून गृहकर्ज फेडावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला बेसा भागात राहतो. फ्लॅटचं 11 लाख कर्ज बाकी आहे, व्याज 8.5 टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलता दर), अजून 10 वर्षं. हप्ता साधारण 13,600 रुपये. परवा स्टेटमेंट नीट वाचलं तर त्यातले जवळपास 7,800 नुसत्या व्याजात जातात! तेव्हापासून चैन नाही.

एफडीत 9 लाख आहेत. तिथे 6.5 टक्के मिळतात, त्यावरही टॅक्स. आम्ही नवीन कर प्रणालीत असल्यामुळे गृहकर्जाच्या व्याजाची वजावटही नाही. फ्लोटिंग कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, म्हणजे ती अडचण नाही.

6 लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर माझ्या हिशोबाने कर्ज साडेतीन वर्षांत संपतं. सासरे म्हणतात, डोक्यावर कर्ज नकोच, सगळे भरून टाका. पण माझ्या नवऱ्याचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. लग्नसराईत हात भरलेला असतो, पावसाळ्यात मात्र घरखर्च माझ्या एकटीच्या पगारावर चालतो. त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधीही निघू शकतं. एकदा भरलेला पैसा बँक काही परत देत नाही, याचीच मला जास्त धास्ती आहे.

अशा घरात हाताशी किती ठेवावेत? 3 लाख पुरतील का? की दरवर्षी थोडे थोडे भरावेत? ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा. आणि मुदत कमी करून घ्यायला बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागला का?