मदत हवी आहे: कुरण आणि खडीचा ड्राइव्हवे, दोन्ही एकाच ड्रॅग हॅरोने जमेल का?

पाच_एकरी

मंडळी, ड्रॅग हॅरो (ट्रॅक्टरमागे ओढायची दातेरी साखळ्यांची जाळी) घ्यायच्या विचारात आहे. पैसे घालण्याआधी जाणकारांनी चार शब्द सांगावेत.

जागा पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात. ५ एकरांपैकी ३ एकर कुरण, कुंपण घालून तीन भाग केलेले. जनावरं म्हणजे २ घोडे, ६ मेंढ्या. ड्राइव्हवे ६०० फूट लांब, १० फूट रुंद, शेवटचे १५० फूट चढाचे. चढावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठल्या आहेत, सपाटीला खड्डे आहेत आणि मधोमध गवताची पट्टी वाढली आहे. ट्रॅक्टर २५ हॉर्सपॉवरचा, थ्री पॉइंट (मागे अवजार जोडून उचलायची तीन दांड्यांची जोडणी) आहे.

किती रुंदीचा घ्यावा? कुरणात कधी फिरवायचा? त्यानेच खड्डे जातील का? आणि जुन्या चेन लिंक कुंपणाची जाळी पडून आहे, तिच्यावर टायर बांधून तेच काम होत असेल तर विकतचा कशाला?

कुळवकरी

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण हा धागा महाराष्ट्रातूनही वाचला जाईल. आपल्याकडे दुकानात नुसतं 'हॅरो' म्हटलं की डिस्क हॅरो दाखवतात. तो जमीन कापून उलटवतो. कुरणात घातला तर गवताचा सगळा थर उलथून पडेल. तुम्हाला हवा तो साखळीचा हॅरो: लोखंडी कड्यांची जाळी, तिला साधारण ४ इंचांचे दात, जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकणारी. कामाच्या जातीने तो दाताळ्याच्या आणि मैंदाच्या (जमीन सारखी करायच्या जड फळीच्या) मधला.

तो तीन प्रकारे ओढता येतो. दात खाली आणि टोकं पुढे झुकलेली, ही सगळ्यात खोल पकड. त्याच जाळीला दुसऱ्या टोकाने ओढलं की दात मागे झुकतात आणि वरवर खाजवत जातात. तिसरा प्रकार पालथा: दात आकाशाकडे, नुसती जाळी घासत जाते. बहुतेक लोक पहिल्याच प्रकारात वर्षभर ओढतात आणि मग गवत उपटलं म्हणून हॅरोला बोल लावतात.

रुंदी ६ फूट घ्या. ४ फुटी लॉन ट्रॅक्टरसाठी आणि एटीव्हीसाठी (चार चाकी रानगाडीसाठी) असतो. तुमचा ट्रॅक्टर ८ फुटीही ओढेल, पण कुंपणाच्या फाटकातून आणि १० फुटी रस्त्यावर तो अडचणच करेल. ६ फुटीने ताशी ४ मैलांनी, पट्ट्यांवर थोडी पट्टी चढवत गेलात तर तासाला सव्वादोन एकरांच्या आसपास होतं. म्हणजे तुमचं कुरण दीड तासाच्या आत.

ओढायची साखळी आखूड ठेवू नका. पुढची कड उचलली जाऊन पहिल्या दोन रांगांचे दात हवेत राहत असतील तर साखळी एक-एक कडी वाढवत जा, जाळी पूर्ण टेकेपर्यंत. आणि हुक नेहमी ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्यालाच), मागच्या आसाच्या खाली. टॉप लिंकच्या (थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा सीटमागे बांधलात आणि हॅरो झाडाच्या मुळात अडकला, तर ट्रॅक्टर पुढून उठून मागे उलटतो. वळण मोठं घ्या. रिव्हर्स अजिबात नको: चाक जाळीवर चढलं की तासभर पाना घेऊन बसावं लागतं.

पाच_एकरी

साखळीची लांबी डोक्यात आलीच नव्हती. थ्री पॉइंटवर उचलता येणारी चौकट मिळते, ती घ्यावी का?

कुळवकरी

फाटकं आणि पक्का रस्ता ओलांडायचा असेल तर घ्या, मागे घ्यायची अडचणही सुटते. फक्त काम करताना थ्री पॉइंट इतका खाली ठेवा की टांगत्या साखळ्या सैल पडतील. त्या ताणलेल्या राहिल्या तर चौकटच जाळीचं वजन पेलते आणि दात नुसते गुदगुल्या करतात.

दूर्वांकुर

कुरणाबद्दल. हॅरो कधी फिरवायचा हे हवामान ठरवतं, कॅलेंडर नाही. घोड्यांच्या बाबतीत तर फारच.

घोडा लीद टाकतो त्या जागेचं गवत खात नाही. म्हणून घोड्यांच्या कुरणात काही जागा हजामत केल्यासारख्या आणि काही गुडघाभर, असं दिसतं. हॅरोने लीद फुटते, पसरते, खत सगळीकडे जातं. इथवर ठीक. पण लिदीत जंतांची अंडी असतात. साधारण ४५ ते ८५ फॅरनहाइट, म्हणजे ७ ते २९ सेल्सिअस तापमानात आणि ओलाव्यात ती उबतात, आणि अळ्या गवताच्या पात्यावर चढतात. अशा हवेत हॅरो फिरवलात तर घोडा टाळत होता त्या जागेतले जंत तुम्ही स्वतःच्या हाताने सगळ्या कुरणात पेरलेत. ८५ फॅरनहाइटच्या वर, कोरडी हवा आणि लख्ख ऊन असेल तर फुटलेली लीद वाळते आणि अळ्या मरतात.

म्हणजे तुमच्याकडे मुख्य काम जुलै-ऑगस्टमधल्या कोरड्या आठवड्यात. घोडे त्या भागातून काढा, गवत ३-४ इंचांवर कापून घ्या (लांब गवत दातांत गुंडाळून जाळीचा बोळा होतो), दात मागे झुकलेल्या प्रकारात एकदा उभं, एकदा आडवं फिरवा. मग किमान ३-४ आठवडे तिथे घोडे नकोत. मध्येच पावसाची झड लागली तर आणखी थांबा. तुमचे तीन भाग आहेतच, फिरती ठेवता येईल.

ऑक्टोबरमध्ये 'हिवाळ्याआधी एकदा साफ करू' म्हणून फिरवू नका. थंडीत अळ्या मरतील हा गैरसमज आहे, बर्फाखालीही त्या वसंतापर्यंत तगतात. तेव्हा फावडं आणि ढकलगाडी घेऊन लीद उचलणं बरं. छोट्या कुरणात तर बारा महिने उचलणंच उत्तम, हे मी हॅरोच्या धाग्यावर लिहितोय तरीही.

अपवाद एकच: फेब्रुवारी-मार्चमध्ये क्लोव्हर (कुरणात पेरायचं द्विदल चाऱ्याचं पीक) टाकायचा असेल तर. रात्री जमीन गोठते, दिवसा सुटते, त्या काळात विरळ जागांवर दात खाली घालून हलकं खाजवा, माती उघडी दिसली पाहिजे. तांबडा क्लोव्हर एकरी ४ ते ८ पौंड किंवा पांढरा १ ते ३ पौंड फेका. पुढचं काम गोठण्या-सुटण्याने होतं, बी आपोआप मातीत बसतं. मात्र वरचा थर चिखल झाला असेल त्या दुपारी ट्रॅक्टर आत नेऊ नका. चाकाखाली दबलेली जमीन हॅरोने सुटत नाही. खाजवताना जुनी लीदही फुटणारच, तेव्हा तो भाग घोड्यांना उन्हाळ्यापर्यंत बंद.

आणि ती कुंपणाची जाळी राहू द्या. घासून तिच्या तारा झिजतात, तुटतात, २-३ इंचांचे तुकडे गवतात पडतात. मेंढ्या-गायी गवत न निवडता गिळतात. तार जाळीदार पोटात जाऊन रुतली की तिथून हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकते. गायींत हे जास्त दिसतं, पण मेंढ्यांवर प्रयोग कशाला? टायरमधूनही झिजल्यावर तारा बाहेर येतात. ड्राइव्हवेपुरती वापरायची तर वापरा.

खडीफोड्या

ड्राइव्हवेचं एका वाक्यात: हॅरो फक्त सुटी खडी हलवतो, बसलेली कापत नाही. म्हणून नुसत्या हॅरोने खड्डे भरतात आणि पुढच्या पावसाला त्याच जागी उघडे पडतात. खड्ड्याचा तळ कठीण वाटीसारखा असतो. वर सुटी खडी ओतली की गाडीचं चाक ती उडवून लावतं आणि वाटी तशीच राहते.

तेव्हा पहिल्या वेळी बॉक्स ब्लेड (माल खरवडून सारखा करणारी लोखंडी पेटी) भाड्याने आणा, रिपरचे म्हणजे जमीन फोडायचे दात असलेला. दात सगळ्यात खोल खड्ड्याच्या तळाच्याही इंचभर खाली उतरले पाहिजेत. सगळा रस्ता तेवढा फोडून, सारखा करून, पुन्हा दाबायचा. लाटांनाही हेच. त्या चढावर का येतात? तिथे चाक जोर लावतं, घसरतं, उतरताना ब्रेक लागतो, आणि खडी कोरडी-सैल असेल तर चाक उड्या मारत तिची चळत रचत जातं. लाटांची नुसती डोकी उडवलीत तर दरीत सैल माल आणि खाली कठीण नागमोड राहते. महिन्याभरात परत.

मग उंचवटा. मध्य कडेपेक्षा वर हवा, फुटाला अर्धा इंच. तुमच्या १० फुटी रस्त्याला मधून कडेपर्यंत ५ फूट, म्हणजे अडीच इंच. मोजायला ५ फुटांची सरळ फळी घ्या, एक टोक रस्त्याच्या मध्यावर टेकवा, वर पाणसळ ठेवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला. कडेला फळीखाली अडीच इंचांचा ठोकळा बसला पाहिजे. दर ५० फुटांवर पाहा. इतका कंटाळवाणा उद्योग कोणी करत नाही, म्हणून पाणी रस्त्यातच साचतं.

यानंतर हॅरोचं काम सुरू. रस्त्याच्या मधोमध कधीच ओढू नका, जाळी उंचवटा घासून सपाट करते. जाताना एक बाजू, येताना दुसरी, आणि जाळीची कड मध्यरेषेच्या अलीकडेच राहील असं बघा. गवताची पट्टी पहिल्याच वेळी रिपरने मुळासकट काढा.

ओलावा महत्त्वाचा. दूर्वांकुर यांनी कुरणासाठी कोरडा आठवडा सांगितला, इथे बरोबर उलट. पावसानंतर एखाद्या दिवसाने, खडी ओलसर असताना. मूठभर माल दाबा: लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरड्यात ओढलंत तर धुरळा उडतो. तो धुरळा म्हणजेच कच (खडीतला बारीक चुरा), आणि खडी एकमेकींना धरून ठेवते ती कचेमुळे.

नवी खडी टाकाल तर कचमिश्रित, तिकडे '२ए मॉडिफाइड' म्हणून मागा. '५७ नंबर' धुतलेली असते, दिसायला छान पण बसत नाही, चढावर तर गोट्यांसारखी घरंगळते. हिशोब: १० फूट रुंद, १०० फूट लांब, २ इंच थर म्हणजे सुमारे ६.२ घनयार्ड, यार्डाला १.४ टन धरून पावणेनऊ टन. पूर्ण ६०० फुटांना ५२ टन. आधी फोडून बघा, खाली बराच माल दबलेला निघतो. खाली जिओटेक्स्टाइल कापड घातलेलं असेल तर रिपर त्याच्या वरच थांबवा, नाहीतर चिंध्या वर येतील.

माणदेशी

इकडे शेतघरापर्यंत मुरुमाचा रस्ता असतो, त्याला हे लागू आहे का? साखळी हॅरो तालुक्याला मिळत नाही.

खडीफोड्या

तत्त्व तेच. मुरुमात मातीचा अंश जास्त, त्यामुळे ओलाव्याची वेळ आणखी नाजूक: पहिल्या वळवानंतर, पण चिखल व्हायच्या आत, किंवा टँकरने पाणी मारून. हॅरो नको, दोन ६ फुटी लोखंडी गर्डर घ्या, एकामागे एक, दोन फूट अंतर ठेवून साखळीने जोडा. पुढचा थोडा तिरपा बांधा म्हणजे कडेचा मुरुम मध्याकडे सरकतो. परतताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने या, तिरपेपणा तोच ठेवा. नंतर रोलर, नसेल तर भरलेली ट्रॉली चाकं सरकवत सरकवत.

कुळवकरी

आणि वजनासाठी त्यावर माणूस उभा करू नका. बैलांमागे मैंदावर उभं राहायची रीत आहे, पण बैल ओरडलं की थांबतात.

पाच_एकरी

सगळ्यांचे आभार. ६ फुटी साखळी हॅरो ठरला, जाळी भंगारात. बॉक्स ब्लेड या शनिवारी भाड्याने आणतो, गुरुवारी पाऊस सांगितलाय. कुरणाला जुलैपर्यंत हात लावत नाही. हिवाळ्यात बर्फ ढकलताना बरीच खडी कडेच्या गवतात गेली आहे, ती कशी काढू?

खडीफोड्या

हॅरो पालथा करून गवताकडून रस्त्याकडे तिरपा ओढा, गवत कापायला लागण्याआधी. उरलेली हातदाताळ्याने. पुढच्या हिवाळ्यात बर्फ ढकलायच्या ब्लेडखालच्या बुटांनी (टेकू पट्ट्यांनी) ब्लेड इंचभर वर ठेवा, खाली तेवढा बर्फाचा थर गोठून राहिला तरी चालतो.

कुळवकरी

शॅकलच्या (साखळी जोडायच्या लोखंडी कडीच्या) पिनेतून बारीक तार ओवून पिळा, हादऱ्यांनी पिन सुटते. आणि प्रत्येक फेरीनंतर दात मोजा. पडलेला दात तुम्हाला सापडला नाही तर गवत कापायच्या यंत्राला सापडतो.