एलओक्यू की टफ ए१५? देवगडात राहून गेमिंग आणि आंब्याची बिलं दोन्ही करायचंय

हापूस_देवगड:
नमस्कार मंडळी, गेले पंधरा दिवस दोन लॅपटॉपमध्ये अडकून पडलोय, रोज रात्री एकेकाचे रिव्ह्यू बघतो आणि सकाळी परत दुसरा बरा वाटायला लागतो म्हणून शेवटी इथे विचारतोय. आंब्याचा सीझन संपला, बाबांनी पेट्यांच्या पैशातून ८५ हजार बाजूला काढून दिलेत. त्याच्या वर एक रुपया मागायचा नाही हे मीच ठरवलंय, कारण यंदा फवारणीला किती गेले ते मी स्वतः वहीत लिहिलंय.

पहिला लेनोवो एलओक्यू, प्रोसेसर आय५ १३४५०एचएक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०५० ६ जीबी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, बॅटरी ६० वॅट-अवर. दुसरा आसूस टफ ए१५, रायझन ७ ७७३५एचएस, कार्ड तेच, रॅम तेवढीच, एसएसडी तेवढीच पण बॅटरी ९० वॅट-अवर. दोघांचा स्क्रीन १५.६ इंच, १४४ हर्ट्झ. किमतीत दीड-दोन हजारांचा फरक, तो पण रोज खालीवर होतो.

वापर म्हणाल तर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, म्हणजे ऑटोकॅड आणि थोडं कोडिंग. घरचं काम जास्त, पेट्यांच्या ऑर्डरी, बिलं, पार्सलची लेबलं, बागेचे फोटो आणि छोटे व्हिडिओ एडिट करून टाकणं, निम्म्या ऑर्डरी त्या फोटोंवरच येतात. रात्री जेवण झालं की गेम, व्हॅलोरंट, जीटीए ५, फोर्झा होरायझन ५, आणि रेड डेड रिडेम्प्शन २ एकदा तरी पूर्ण खेळायचीच आहे.

टफमध्ये कार्डाला १४० वॅट मिळतात आणि एलओक्यूत १०५ असं वाचलं. म्हणजे टफ सरळसरळ फास्ट ना? मग लोक एलओक्यू का घेतात तेच कळत नाहीये.

वाशिष्ठी_गेमर:
भावा आधी ते वॅटचं डोक्यातून काढ. वॅट जास्त म्हणजे गेम जास्त पळतो हे मोठ्या कार्डांना बरंचसं लागू आहे पण ४०५० ही छोटी चिप आहे, २५६० कोअरची, साधारण १०० वॅटच्या आसपास ती आपल्या वरच्या टोकाला पोचते, पुढे तू तिला १४० दे नाहीतर काही दे, व्होल्टेजची मर्यादा आडवी येते आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, फारसा वर जात नाही. त्यामुळे १०५ आणि १४० मध्ये खेळताना हाताला जाणवेल असा फरक नाही. खरी भिंत आहे ती ६ जीबी व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची, आणि ती दोघांनाही सारखीच. नवीन गेममध्ये टेक्स्चर (चित्रातल्या बारकाव्याची सेटिंग) एकदम वर ठेवलंस की मेमरी भरते आणि मधेच झटके यायला लागतात, तेव्हा टेक्स्चर एक पायरी खाली आणायचं, बाकीचं तसंच ठेवायचं. तू सांगितलेले चारही गेम दोन्ही मशीनवर मस्त चालतील, व्हॅलोरंट तर १४४ एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वरच राहील.

प्रोसेसरचं पण तेच. १३४५०एचएक्स मध्ये १० कोअर १६ थ्रेड, ७७३५एचएस मध्ये ८ कोअर १६ थ्रेड. चार्जर लावून असेल तर इंटेल थोडा पुढे, बॅटरीवर साधं काम असेल तर रायझन जरा कमी खातो. ऑटोकॅडला दोन्ही भरपूर झाले.

रॅम मात्र नक्की बघ. १६ जीबी म्हणजे १६ ची एक पट्टी आहे की ८-८ च्या दोन? एकच पट्टी असेल तर काही गेममध्ये एफपीएस खाली येतात आणि ते लोक कार्डावर ढकलतात. दोन्ही लॅपटॉपला दोन स्लॉट आहेत, डीडीआर५, नंतर दुसरी पट्टी टाकता येते.

आता स्क्रीनचं, ज्याच्यावर कोणी बोलत नाही आणि तुझ्या कामात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्पेसिफिकेशनमध्ये खाली बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" किंवा "१०० टक्के एसआरजीबी" असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवू शकतो ते. पहिल्यात रंग फिके दिसतात. हापूसचा तो देठाजवळचा केशरी असतो ना, तो अशा स्क्रीनवर पिवळट दिसतो, मग तू एडिट करताना रंग चढवत नेतोस, आणि गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर तोच आंबा भडक केशरी, खोटा वाटेल असा. एकाच नावाचा लॅपटॉप वेगवेगळ्या पॅनलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या स्क्रीनसह, विकला जातो, म्हणून फक्त नाव बघून ऑर्डर करू नको, पूर्ण मॉडेल नंबर घे आणि त्या नंबराचं पॅनल कुठलं ते तपास.

रिपेअर_रत्नांग्री:
मी लॅपटॉप रिपेअरिंग करतो, बारा वर्षं झाली, त्यामुळे माझं बोलणं एफपीएसवर नाही, मशीन किती वर्षं टिकेल त्यावर आहे.

गेल्या आठवड्यात एक गेमिंग लॅपटॉप आला, घर समुद्राला लागून, दीड वर्षाचा वापर. कंपनी कुठली ते सांगत नाही कारण त्यात कंपनीची चूकच नव्हती. खालचं कव्हर काढायला गेलो तर अकरापैकी तीन स्क्रूंची डोकी गंजून गोल झालेली, स्क्रूड्रायव्हर धरतच नव्हता. आत हीटसिंकच्या पट्ट्यांवर धुळीचा थर, पण तो आपल्या घरातल्या धुळीसारखा भुरभुरीत नाही, खारट दमट हवेने बसून नमद्यासारखा झालेला, चिमट्याने अख्खा सोलून काढला. यूएसबीच्या तोंडाशी हिरवट पूड. मालकाची तक्रार काय तर गेम सुरू केला की दहा मिनिटांत हँग होतो. होणारच, हवा जायला जागाच नव्हती.

साधा लॅपटॉप हवा कमी ओढतो, गेमिंगवाला दोन पंख्यांनी सतत ओढतो, आणि आपल्याकडची हवा म्हणजे मीठ आणि पाणी. तेव्हा तू कुठलाही घे पण पडवीत, गॅलरीत, समुद्राच्या बाजूच्या उघड्या खिडकीशी बसून खेळू नको. गादीवर पण नको, टेबल पाहिजे, मागून एखादा इंच उचललेला. पावसात कपाटात बंद करून ठेवायचा नाही, चार महिन्यांत कपड्यांना बुरशी येते ती याला सोडत नाही. रोज अर्धा तास तरी चालू कर, चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते. कुठे गावाला जाणार असशील तर झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाकून ठेव. तांदळात ठेवू नको, तांदळाची भुकटी पोर्टमध्ये जाते, मी दरवर्षी काढतो. आणि वर्षातून एकदा आतून साफ करून घे, पाऊस लागायच्या आधी.

आमच्याकडच्या एका पोराने हे सगळं पाळलंय. चार वर्षं झाली, समुद्र हाकेवर आहे, मशीन आजही नव्यासारखी.

होमस्टेवाली_गुहागर:
तुम्ही सगळे मशीनचं बोलताय म्हणून मी वॉरंटीचं बोलते, कारण मला त्याचाच फटका बसलाय.

आमच्या बुकिंगचा लॅपटॉप ऐन जुलैत बंद पडला, मदरबोर्ड गेला होता. कागदावर "ऑनसाइट वॉरंटी" म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. फोन केला तर म्हणे तुमच्या पिनकोडला आमचा इंजिनिअर नाही, तुम्ही घेऊन या. मग मुसळधार पावसात आमचे हे लॅपटॉप तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून एसटीने गेले, सुटा भाग यायला वीस दिवस लागले, परत आणायला दुसरी खेप. कोणाचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून घरात काहीही घेताना मी आधी हे एक बघते.

तर दादा, पैसे भरायच्या आधी दोन्ही कंपन्यांच्या कस्टमर केअरला स्वतः फोन करायचा, आपला पिनकोड सांगायचा आणि सरळ विचारायचं, इंजिनिअर घरी येतो का, कुठून येतो, नाही आला तर मशीन न्यायचं कुठे. तोंडी नको, मेलवर उत्तर मागायचं. दुकानदार "येतो येतो" म्हणतो त्याच्यावर जाऊ नका. तुम्हाला फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचंय की कुडाळ-कणकवलीतच काम होतंय हे आत्ताच कळलेलं बरं.

आणि बॅटरी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे किती दिवस लाईट नव्हती ते इथल्या दापोली-मंडणगडच्या लोकांना विचारा. आम्हाला रद्द झालेल्या बुकिंगचे पैसे परत द्यायचे होते, यादी सगळी लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉप दुसऱ्या दिवशी मेला. म्हणून माझ्या मते ९० वॅट-अवरवाला. साध्या कामाला १५ वॅट धरले तर ६० मध्ये चार तास, ९० मध्ये सहा. ते दोन तास वेळेला फार मोठे असतात. दोन्हीकडे बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, एरवी ती चालू ठेवावी, वादळाचा इशारा आला की काढून १०० करावी.

वेंगुर्ल्याचो_झील:
झिला, दोनय बरे आसत. माझ्याकडे टफ आसा, तीन वर्सा झाली, घर बंदरापासून पाच मिनटांर, काय एक त्रास नाय. पण ९० ची बॅटरी बघून लाईट गेल्यार गेम खेळूक गावतलो असा समजा नको हां. प्लग काढल्यार कार्डाक वॅटच कमी गावतत, माझो गेम ३० एफपीएसार येता. बॅटरी ती बिलांसाठी, गेमाक इन्व्हर्टरच व्हयो. तुझ्याकडे खयचो आसा?

हापूस_देवगड:
सगळ्यांचे मनापासून आभार, पंधरा दिवस व्हिडिओ बघून जे कळलं नाही ते इथे एका संध्याकाळीत कळलं. ताई, दोन्ही कंपन्यांना फोन केला, मेलवर उत्तर आलं, दोन्हीकडे आमच्या पिनकोडला माणूस येतो म्हणतायत, मेल जपून ठेवलेत.

दादा, इन्व्हर्टर आहे, प्युअर साइनवेव्ह, ८५० व्हीए, बॅटरी १५० एएच, गेल्याच वर्षी नवीन टाकली. त्याच्यावर गेम चालेल का?

रिपेअर_रत्नांग्री:
चालेल. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, इन्व्हर्टर मधे खातो ते जाऊन हातात १३००-१४०० धर. गेम चालू असताना लॅपटॉप १७० ते २०० वॅट ओढेल, एक पंखा ७५, दोन एलईडी, म्हणजे ३०० च्या आत. चार-साडेचार तास. फक्त त्याच वेळी आईने मिक्सर लावला तर ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडेल. साइनवेव्ह आहे ते उत्तम, जुन्या स्क्वेअरवेव्हवर अडॅप्टर घूं घूं आवाज करतो आणि तापतो. आणि वीज कडकडायला लागली की अडॅप्टर भिंतीतून उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, लॅन केबल लावली असेल तर ती पण काढायची. जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या बोर्डांत विजेने गेलेले बरेच असतात.

हापूस_देवगड:
काल कोल्हापूरला जाऊन आलो. पेनड्राइव्हवर बागेतले आमचेच सहा फोटो नेले होते, दुकानात दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून तेच फोटो उघडले. एलओक्यूचं जे मॉडेल होतं ते १०० टक्के एसआरजीबीवालं, टफचं ४५ टक्के एनटीएससी. वाशिष्ठीभाऊ, तुम्ही म्हणालात ते अगदी तसंच दिसलं. एका फोटोत पेंढ्यावर ठेवलेला आंबा आहे, त्याचा गाल केशरी आणि खाली थोडा हिरवा, फिक्या स्क्रीनवर हिरव्याचं आणि पिवळ्याचं अंतरच कळत नव्हतं, आणि आमच्याकडे गिऱ्हाईक तेच विचारतं, पिकलाय का अजून दोन दिवस ठेवायचा. बाबा सोबत होते, त्यांना ना वॅट माहीत ना व्हीरॅम, ते वाकून बघून म्हणाले, "हा आपला आंबा."

टफची बॅटरी सोडवत नव्हती खरं तर, पण इन्व्हर्टर घरी आहे आणि एलओक्यू टाइप-सी चार्जरवर पण चार्ज होतो, गाडीतून साध्या कामापुरतं भागेल. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या निघाल्या. ८३ हजारांत झाला, उरलेल्यातून टेबल आणि सिलिका जेल.

आता एकच राहिलं. रेड डेड १५० जीबी आहे आणि माझ्याकडे मोबाईलचं रोजचं २ जीबी, म्हणजे ७५ दिवस आणि तोवर बाकी काही करायचं नाही. चुलतभाऊ बोरिवलीहून गणपतीला येतोय, त्याच्याकडे फायबर नेट आहे आणि स्टीमवर (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) हाच गेम आहे. त्याच्याकडून कॉपी करून आणता येईल का?

वाशिष्ठी_गेमर:
येईल, मी तसंच करतो. गेम तुझ्या स्वतःच्या खात्यावर विकत घेतलेला पाहिजे, फायली कोणाच्याही चालतात. त्याला सांग स्टीमच्या फोल्डरमध्ये स्टीमॲप्स, त्यात कॉमन, त्यातलं त्या गेमचं अख्खं फोल्डर उचलून बाहेरच्या एसएसडीवर टाक. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी, फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही आणि या गेममध्ये तशा आहेत. तू ते तुझ्याकडच्या कॉमनमध्ये ठेव, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाब, ते आहेत त्या फायली तपासेल आणि जेवढं कमी असेल तेवढंच उतरवेल. पहिल्यांदा लॉगिनला नेट लागेल, ते मोबाईलवर होतं.

आणि निघायच्या आदल्या रात्री त्याला गेम अपडेट करून घ्यायला सांग.