वुडक्रॉफ्टच्या हाती नारळ, हॉलंडची फाइल तशीच

नारंगीनिळा (एडमंटन), १३ नोव्हेंबर २०२३

काल रविवारी आमच्या एडमंटन ऑइलर्सनी कोच जे वुडक्रॉफ्टला नारळ दिला. सोबत असिस्टंट डेव्ह मॅन्सनलाही. आदल्याच रात्री संघ सिअ‍ॅटलला ४-१ हरवून आला होता. जिंकून आलेल्या कोचला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पाठवायचं, हे आमच्याच मंडळींना जमू शकतं.

बर्फावरची हॉकी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, जनरल मॅनेजर (जीएम) म्हणजे निवड समिती, खजिनदार आणि खरेदी खातं, तिन्ही एकाच खुर्चीत. कोणाला घ्यायचं, किती वर्षांसाठी, किती पैशांत, हे जीएम ठरवतो. कोचने त्यातून रोजचे वीस जण उतरवायचे आणि लायनी लावायच्या. पगारावर सॅलरी कॅप असते, यंदा ८३.५ दशलक्ष डॉलर. एकाच्या पानात जास्त वाढलं की दुसऱ्याचं पान रिकामं.

सुरुवात वाईट झाली हे मान्य. ३ विजय, ९ पराभव, १ पराभव जादा वेळेत. गेल्या गुरुवारी सॅन होजेकडून ३-२ हरलो. त्यांनी तोवर बारा सामन्यांत एकच जिंकला होता! मी टीव्ही बंद करून भांडी घासायला घेतली.

पण हाच माणूस फेब्रुवारी २०२२ मध्ये डेव्ह टिपेटच्या जागी आला, तेव्हा प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीचीही खात्री नव्हती. त्याने संघ थेट कॉन्फरन्स फायनलला नेला. पुढच्या वर्षी ५० सामने जिंकले आणि पॉवर प्लेवर (समोरचा एक जण शिक्षेवर बाहेर बसलेला असताना) ३२.४ टक्के वेळा गोल केले, जो लीगचा विक्रम आहे. दोन्ही वर्षी बाहेर पडलो ते त्या-त्या वर्षी स्टॅनली कप जिंकणाऱ्या संघाकडून, आधी कोलोरॅडो, मग व्हेगस. एकूण हिशेब ७९ विजय, ४१ पराभव, १३ जादा वेळेतले.

आता जीएम केन हॉलंडची फाइल उघडू. गोलकीपर जॅक कॅम्पबेल: २०२२ मध्ये ५ वर्षांचा करार, वर्षाला ५ दशलक्ष. गेल्या आठवड्यात त्याला वेव्हर्सवर टाकलं, तर बाकीच्या ३१ संघांपैकी एकानेही फुकटातसुद्धा उचलला नाही. आता तो बेकर्सफिल्डला, खालच्या लीगमध्ये. डार्नेल नर्स: ८ वर्षं, वर्षाला ९.२५. लिऑन ड्रायसाइटलला ८.५ मिळतात हो! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा फेकून दिला आणि आड खणणारा पत्रकार परिषदेत बसून कारणं सांगतोय.

हिशेबी माणूस (टोरंटो)

+१. मी टोरंटो लीफ्सवाला, त्यामुळे कॅम्पबेल आमच्याकडून तुमच्याकडे आलेलं रत्न. शेवटच्या मोसमात जानेवारीनंतर तो कसा घसरला ते आम्ही रोज बघत होतो. माणूस सज्जन, पण स्वतःवरच चिडणारा. त्याला पाच वर्षं कोणी देईल असं इथे कोणाला वाटलं नव्हतं.

एक तांत्रिक मुद्दा. या तेरा सामन्यांत ऑइलर्सनी निर्माण केलेल्या संधी आणि समोरच्यांना दिलेल्या संधी यांचं गणित मांडलं, तर संघ लीगमधल्या चांगल्या संघांत बसतो. गडबड गोलकीपरच्या अडवण्यात आहे. कॅम्पबेलने १०० पैकी ८७ शॉट अडवले, दुसरा गोलकीपर स्किनर त्याहूनही खाली. या लीगमध्ये नव्वदच्या खाली गेलात की कोच कोणीही असो, हरताच.

रिंकवाली आई (शेरवुड पार्क)

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

माझा मुलगा यू-१३ खेळतो, म्हणजे आठवड्यातले चार दिवस मी रिंकच्या बाकावर कुडकुडत असते. त्या अनुभवावर सांगते: यंदा गोलकीपर एकटे पडले याला कारण कोचच. वुडक्रॉफ्टने या मोसमात बचावाची पद्धत बदलली. आधी आपापला माणूस धरायचा, आता झोन सांभाळायचा, म्हणजे माणूस नाही, जागा राखायची. पद्धत वाईट नाही, पण नर्स आणि बुशार हे दोघं डिफेन्समन एकाच पकमागे (रबरी चकतीमागे) धावतायत आणि गोलसमोर समोरच्याचा माणूस निवांत उभा, हे चित्र पहिल्याच सामन्यात दिसलं. व्हँकुव्हरने ८-१ ने धुतलं तेव्हा. त्यानंतर बारा सामने तेच. शॉट किती आले याची मोजदाद ठीक, पण अगदी तोंडासमोरून, बिनधास्त आलेला शॉट गोलकीपरने काय करावा?

कोचचं काम मधेच दुरुस्ती करणं. त्याने केली नाही. दर वेळी "प्रोसेस बरोबर आहे" म्हणत राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि फाइल उघडायचीच तर पूर्ण उघडा. झॅक हायमन कोणी आणला? वर्षाला साडेपाच दशलक्षात गेल्या मोसमात ३६ गोल. मॅटियास एकहोम कोणी आणला? फेब्रुवारीत तो आला आणि बचाव एका रात्रीत मोठ्या माणसांसारखा खेळू लागला. नेमकी कॅम्पबेलची पानं वाचून दाखवायची आणि बाकीची चिकटवून ठेवायची, हे बरोबर नाही.

नारंगीनिळा

ताई, हायमन आणि एकहोम मान्य. एकहोमसाठी बॅरी हा खेळाडू आणि पहिल्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडायचा हक्क) दिला, पण सौदा वसूल. तरी डंकन कीथ आठवा. २०२१ मध्ये शिकागोकडून ३७ वर्षांचा खेळाडू घेतला आणि साडेपाच दशलक्षांचा अख्खा भार आपण उचलला. शिकागोने दमडी ठेवली नाही. एका मोसमात तो निवृत्त.

झोनचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. मी तो मुद्दाम टाळला होता, कबूल.

खडकीचा राइट आउट (पुणे)

बर्फावर कधी उभा राहिलो नाही, पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेही ३२ वर्षांनी. कोच एम. के. कौशिक. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध टायब्रेकर, गोलमध्ये आशिष बल्लाळ. गल्लीत फटाके वाजले होते. आणि काही आठवड्यांत कौशिक बाहेर, धनराज-बल्लाळसकट बिनीचे खेळाडूही बाहेर.

तुमच्याकडे निदान हरल्यावर काढतात.

हिशेबी माणूस

खडकीकर, फरक एकच. तिथे फेडरेशनचे अध्यक्ष कोणाच्या हिशेबाला बांधील नव्हते. इथे जीएमच्या डोक्यावर मालक असतो, आणि आता एडमंटनमध्ये तर मधे आणखी एक जण आहे. जेफ जॅक्सन, हॉकी ऑपरेशन्सचा सीईओ. ऑगस्टपर्यंत तो कॉनर मॅकडेव्हिडचा एजंट होता! आणि नवा कोच क्रिस नॉब्लॉक कोण? ईरी ऑटर्समध्ये मॅकडेव्हिड पोरगा होता तेव्हाचा त्याचा कोच. मॅकडेव्हिडचा यात काही हात नाही, असं संघ सांगतो. असेल बुवा.

फ्लेम्सभक्त (कॅल्गरी)

शेजारधर्म म्हणून सांत्वनाला आलो. आमच्याकडे एप्रिलमध्ये जीएम गेला, मेमध्ये कोच. दोघं गेले, तरी संघ तसाच आहे. तुमच्याकडे एकच गेलाय, म्हणजे तुमचं अजून अर्धंच झालंय. शुभेच्छा.

(हेरिटेज क्लासिकला तुम्ही ५-२ ने हरवलंत ते विसरलेलो नाही. तुमच्या तीन विजयांतला एक आमच्या कृपेने.)

रिंकवाली आई

फ्लेम्सभक्त, चहा घेऊन जा.

नारंगीनिळा, एक साधा प्रश्न. २०१५ मध्ये मॅकडेव्हिड आला, तेव्हापासून मॅक्लेलन, हिचकॉक, टिपेट, वुडक्रॉफ्ट आणि आता नॉब्लॉक. पाचवा कोच. तुमच्या मते कोच बदलून काही होत नाही. मग टिपेटला काढल्यावर जे झालं, ते कशाने झालं? तेव्हा तुम्हीच पेढे वाटले असतील.

नारंगीनिळा

पेढे नाही, श्रीखंड. मुद्दा लागला. घोडामैदान जवळच आहे, बघू.

रिंकवाली आई, २८ जानेवारी २०२४

धागा वर काढते, कारण कोणीतरी काढायलाच हवा. काल नॅशव्हिललाही हरवलं. सलग १६ विजय. लीगचा विक्रम १७ चा, पिट्सबर्गचा, १९९३ चा. संघ तोच, पगार तेच, गोलकीपर तोच. नॉब्लॉकने आणि त्याचा असिस्टंट पॉल कॉफीने काय केलं? बचाव सोपा केला. डिफेन्समनला सांगितलं, पक घाबरून काचेवर मारू नका, खेळा. नर्ससुद्धा माणसासारखा खेळतोय!

आडात पाणी होतं की.

नारंगीनिळा

अभिनंदन, आणि टोपी काढतो. फक्त एवढंच म्हणतो की स्किनर जागा झाला आणि तिथून सगळं बदललं. नोव्हेंबरात वुडक्रॉफ्टला हा स्किनर मिळाला असता तर तो आज इथेच असता. आणि कॅम्पबेल अजून बेकर्सफिल्डलाच आहे, कॅपमधला मोठा तुकडा अडवून. ज्या पैशात दुसरा भरवशाचा गोलकीपर आला असता ते पैसे कॅलिफोर्नियात उन्हात बसलेत.

हिशेबी माणूस

दोघंही बरोबर असू शकता. नॉब्लॉकच्या हाताखाली संधींचं गणित आधी होतं तसंच चांगलं आहे, फक्त आता पक अडतोय. ते बचावाने अडतोय की स्किनरने, यावर दोन मोसम भांडता येईल.

नारंगीनिळा, २५ जून २०२४

काल रात्री झोप नाही. कप फायनलमध्ये ०-३ वरून ३-३. चौथा ८-१, पाचवा ५-३, सहावा ५-१. आणि सातव्यात फ्लोरिडाकडून २-१. हरलेल्या संघात असूनही मॅकडेव्हिडला कॉन स्माइथ, म्हणजे प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, आणि तो घ्यायला बाहेरही आला नाही. मी असतो तर मीही आलो नसतो.

१९९० नंतर एकदाही कप नाही. एका गोलने.

रिंकवाली आई

मुलगा रडून रडून झोपला. वाद घालायची ताकद नाही. फक्त नोंद म्हणून: नोव्हेंबरात खालून दुसरा असलेला संघ कप फायनलच्या सातव्या सामन्यात. हायमनचे मोसमात ५४ गोल, प्लेऑफमध्ये १६. कोचही बरोबर निघाला, आणि हायमन आणणारा जीएमही.

नारंगीनिळा

ताई, एका गोलने हरलो ना? मग बघा, तो एक गोल कुठून आला असता. कॉनर ब्राउनचा करार कागदावर पाऊण दशलक्षाचा, पण दहा सामने खेळला की ३.२ चा बोनस, आणि तो पुढच्या मोसमाच्या कॅपमधून वळता होणार. पहिला गोल त्याने मार्चमध्ये केला. कॅम्पबेलचे पाच वेगळेच. म्हणजे तिसऱ्या लायनीला एक खरा गोल मारणारा बाजारातून आणायला पैसेच नव्हते.

खडकीचा राइट आउट

यूट्यूबवर सातवा सामना बघितला. पहिल्यांदाच. पक दिसत नाही, पण माणसं दिसली. दुसऱ्या गोलनंतरचा तुमचा शेवटचा पिरियड बघून जीव वर-खाली होत होता. तुमच्या भांडणात आता मलाही बाजू घ्यावी लागणार असं दिसतंय.

फ्लेम्सभक्त

मी काही बोलत नाही. आज बोलणं पाप आहे.

नारंगीनिळा, २१ ऑगस्ट २०२४

हॉलंड जूनअखेर गेला. परस्पर संमतीने, असं म्हणतात. नव्या जीएमच्या गळ्यात मात्र जुनी बिलं. कॅम्पबेलला बायआउट केलं, म्हणजे पैसे देऊन करार मोडला, त्याचे हप्ते सहा मोसम चालतील, २०२९-३० पर्यंत. माझा मुलगा तोवर ड्रायव्हिंग शिकलेला असेल. ब्राउनचा बोनस वळता झालाच. आणि या ओढाताणीत सेंट लुईसने डाव साधला. आपल्या ब्रोबर्ग आणि हॉलोवे या पोरांना ऑफर शीट टाकली, म्हणजे पगाराचा प्रस्ताव; आपण तेवढेच पैसे दिले नाहीत तर खेळाडू त्यांचा. ब्रोबर्गला वर्षाला ४.५८ आणि हॉलोवेला २.२९ दशलक्ष. आपल्याकडे बरोबरी करायला जागा नाही. काल दोघंही गेले. बदल्यात काय? एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा पिक.

मी नोव्हेंबरात हेच म्हणत होतो. कोचचा दोष एका मोसमाचा असतो, जीएमचा दोष त्याच्या मागे सहा वर्षं चालतो.

रिंकवाली आई

थांबा, थांबा. ब्रोबर्ग २०१९ चा, आठवा पिक. हॉलोवे २०२० चा, चौदावा. दोघंही हॉलंडने निवडलेले. म्हणजे गेल्याचं तुम्हाला एवढं दुःख होतंय ती दोन्ही पोरं हॉलंडची. त्याची निवड चांगली होती हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंत!

नारंगीनिळा

…

प्रतिसाद काढून टाकायची सोय आहे का इथे?

हिशेबी माणूस

नाही. स्क्रीनशॉट घेतलाय.

(ब्रोबर्गच्या पुढचाच पिक ट्रेव्हर झेग्रस होता, म्हणजे हॉलंडने त्याला सोडलं, हे आठवलं तर थोडी लाज वाचेल.)

नारंगीनिळा

हिशेबी, तुझं भलं होवो. हेच म्हणणार होतो.

रिंकवाली आई

म्हणा काय म्हणायचं ते. ९ ऑक्टोबरला विनिपेगशी पहिला सामना आहे, घरच्या मैदानावर. नवरात्र असेल, माझे उपास असतील, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी. आमच्या तळघरात टीव्ही मोठा आहे. नारंगीनिळा, फ्लेम्सभक्त, दोघांनीही सहकुटुंब या. टोरंटोकर आणि खडकीकरांनी व्हिडिओ कॉलवर या. कॅम्पबेलचं नाव काढणाऱ्याला खिचडी मिळणार नाही.

फ्लेम्सभक्त

येतो. फ्लेम्सची जर्सी घालून येऊ ना?

रिंकवाली आई

घाला. बाहेर जोड्यांशेजारी हुक आहे, तिथे टांगायची.