ऑफिसातल्या नव्या पॅनल लाइटखाली डोकं उठतं, तक्रार कशी करू?

फोर्टची_फाइल:
अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे, आता वय ४४. महिन्यातून एखाददुसऱ्यांदा यायची, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आमचं ऑफिस फोर्टातल्या जुन्या इमारतीत, उंच छत, दांडीवरून लोंबणाऱ्या ट्यूबलाइट. मे महिन्यात फॉल्स सीलिंग झालं आणि माझ्या टेबलाच्या बरोबर वर दोन बाय दोनचा पॅनल आला. तेव्हापासून आठवड्याला दोनदा ठरलेलं. तीनच्या चहाला डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकतात, मग उजवी बाजू ठणकायला लागते. सीएसएमटीच्या भुयारी मार्गातले दुकानांचे भगभगीत दिवे तर तेव्हा नकोच होतात. ठाणे लोकलमध्ये डोळ्यांवर ओढणी घेऊन बसते. शेजारची बाई एकदा हळूच म्हणाली, "रडू नका हो, होईल सगळं नीट."

एमआरआय नॉर्मल आहे, गोळ्या चालू आहेत. ऑफिसात गॉगल लावला तर "मॅडम, मोतीबिंदू काढला का?" बाकी २६ जणांना काही होत नाही. मग खोट दिव्यात आहे की माझ्यात? ॲडमिनवाले म्हणतात, आधीपेक्षा उजेड छान झालाय की!

शिडीवाला:
ताई, आधी ड्रायव्हर बघा, म्हणजे एलईडी पॅनलला वीज पुरवणारा तो छोटा डबा. वीस वर्षं लाइटिंगची कामं करतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ड्रायव्हरवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. नजरेला दिसत नाही, पण काहींच्या डोक्याला जाणवतं. चांगला ड्रायव्हर ते खालीवर जवळजवळ सपाट करतो. कंत्राटात पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री त्यालाच लागते. तुमच्या जुन्या ट्यूबना बहुधा इलेक्ट्रॉनिक चोक असेल, तो सेकंदाला हजारो वेळा चालतो. त्याआधीचा तो जड, गुणगुणणारा चोक आठवतो? तोही शंभरवालाच.

मोबाइल स्लो मोशनला लावून पॅनलवर धरा. काळे पट्टे सरकले किंवा उजेड फडफडला, तर समजून जा. खिडकीपाशीही एक क्लिप घ्या, म्हणजे फरक दाखवता येईल. आख्खा पॅनल काढायला लागत नाही, ड्रायव्हर बदलला की झालं.

अंधारखोली:
मी १२ वर्षांची अनुभवी! ॲडमिनला हे सांगा: १९८९ साली इंग्लंडात एका ऑफिसात शंभरवाले आणि जलद चोकचे दिवे लोकांना न सांगता आळीपाळीने लावून पाहिले. जलद दिव्यांखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून खाली आला.

आणि तो गॉगल आत घालू नका. डोळे अंधाराला सरावतात, मग साधा उजेडही टोचतो. मी एफएल-४१ नावाची गुलाबीसर काच लावते, ती निळसर-हिरवा उजेड अडवते. मला पन्नास टक्के फरक पडला, माझ्या बहिणीला शून्य. हिरवा उजेड कमी त्रास देतो असं २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना दिसलं, पण तो अगदी अरुंद पट्ट्यातला हिरवा. ते वाचून मी लॅमिंग्टन रोडवरून हिरवा बल्ब आणला. घर गणपतीच्या मंडपासारखं दिसलं, डोकं तसंच.

गोळ्या महिन्यात किती होतात ते लिहून ठेवा. दहापंधरा दिवस घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. मी त्यातून गेलेय.

गिरगावकर:
२०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा सगळे क्वीन्स नेकलेसच्या सौंदर्यावरून भांडले. डोक्याचं कुणी बोललं नाही. पिवळंच बरं होतं.

शिडीवाला:
रंगाने बरं वाटत असेल काका, पण ते सोडियमचे दिवेही चोकवरच चालायचे. तेही शंभरवालेच.

फोर्टची_फाइल:
केलं! माझ्या पॅनलवर जाड काळे पट्टे, पँट्रीतल्या दिव्यावर एकही नाही. क्लिप ॲडमिनच्या साहेबांना दाखवली. ते काही न बोलता स्वतःचा मोबाइल काढून मजलाभर हिंडले. असे पट्टेवाले नऊ पॅनल निघाले. कंत्राटदाराला फोन गेलाय, ड्रायव्हर येतील तेव्हा येतील. तोवर माझ्या डोक्यावरचा बंद करून दिलाय. आता शेजारचे कुळकर्णी म्हणतात, त्यांच्या टेबलावर अंधार पडतो.