१०० लिटरची रीफ (प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची) टाकी: शांत मासे कोणत्या क्रमाने सोडावेत?

रंकाळा_रीफ: सायकल (मासे सोडण्याआधी टाकीत उपयुक्त जिवाणू वाढू देणं) पूर्ण झाली. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५ पीपीएम, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५. फायरफिश, रॉयल ग्रामा आणि ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी घ्यायची आहे. आधी कोण? मॅन्डरिन मासा चालेल का?

खारंपाणी: आधी फायरफिश, तोही एकटाच. फार बुजरा मासा आहे; दुसऱ्यांनी जागा धरल्यावर आला तर कपारीतून बाहेरच येत नाही आणि उपाशी राहतो. दचकला की पाठीवरचा उभा काटा फडफडवतो आणि थेट वर झेपावतो. म्हणून ६ मिलिमीटरची जाळी टाकीवर ताणून बसवा, वायरींसाठी ठेवलेली फट सुद्धा बुजवा. दोन-तीन आठवड्यांनी ग्रामा, शेवटी क्लाउन. मॅन्डरिन नकोच. तो दिवसभर कोपेपॉड (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) टिपत असतो, एवढ्या टाकीतले ते लवकर संपतात.

शाहूपुरीकर: क्रमाशी सहमत. मात्र प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवाच. पांढरे ठिपके उठले की तांब्याचं औषध द्यावं लागतं आणि ते रीफमध्ये घातलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं जातं.

रंकाळा_रीफ: धन्यवाद! उन्हाळ्यात पाणी २९ अंशांपर्यंत तापतं, त्याचं काय करू?

खारंपाणी: पृष्ठभागावर तिरका पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पण बाष्पीभवन वाढतं, मीठ मागे राहतं. तेव्हा रोज घटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरा, खाऱ्या नव्हे. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअरपंप जवळ असू द्या, कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.